टोकाकडून मुळाकडे

आफ्रिकी स्त्रियांचे केस मुळी वाढतच नाहीत, असा एक समज आहे. तो आपल्याकडे आहे आणि खुद्द आफ्रिकेतल्या शहरांतही आहे. तिथल्या कितीतरी मुली तो ऐकतच मोठ्या होतात. खरं तर डोक्यावरचा केस मुळाशी वाढत असतो. गडबड होते ती टोकाला. मुळाशी जेवढं उगवलं तेवढंच टोकाला तुटून गेलं, तर केस वर्षानुवर्षं मानेशीच अडकलेले दिसतात. चाडमधल्या ज्या बायकांच्या वेण्या कमरेपर्यंत उतरतात, त्यांना केस भराभर उगवण्याची युक्ती सापडलेली नाही. त्यांनी तूट थांबवली आहे. ती कशी थांबते, हे आपण क्रमाने पाहू.

आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि सगळीकडचे केस एकसारखे नाहीत. फुलानी समाजातल्या किंवा इथिओपियातल्या स्त्रियांचे केस पुष्कळदा सैल वळणाचे असतात. इथे आपण बोलतो आहोत ते घट्ट, स्प्रिंगसारख्या बारीक वळणांच्या केसांबद्दल. कारण लांबी टिकवणं सगळ्यात अवघड जातं ते याच केसांत.

केस असा का वळतो

त्वचेतल्या ज्या खोबणीतून केस बाहेर येतो तिला केशकूप म्हणतात. सरळ केसाचा केशकूप त्वचेत सरळ उतरलेला असतो, घट्ट कुरळ्या केसाचा वाकलेला असतो. शिवाय हा केस गोल नसतो. आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याचा छेद चपटा, लंबगोल दिसतो. केस उगवतानाच पिळा घेऊन येतो, मागाहून कुणी वळवलेला नसतो.

यातून तीन अडचणी निघतात. टाळूच्या त्वचेतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, इथे मात्र पहिल्या दोन-तीन वळणांतच अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी ठणठणीत, अशी स्थिती होते. दुसरं, प्रत्येक वळणावर केस थोडा कमकुवत असतो आणि ओढ बसली की तिथेच तुटतो. तिसरं, एकटा केससुद्धा स्वतःभोवती गाठ मारून बसतो. अशी बारीक गाठ कंगव्यात अडकली की केस गेलाच.

वाढीचा वेगही थोडा कमी असतो, हे मान्य करायला हवं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मध्य आणि पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस महिन्याला सरासरी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वाढताना दिसले; गोऱ्या युरोपीय लोकांचे जवळपास १.२ सेंटिमीटर. पण हिशेब करून पाहा. पाऊण सेंटिमीटर म्हणजे वर्षाला नऊ, पाच वर्षांत ४५. तुटलेच नाहीत तर केस खांदे ओलांडून पाठीवर उतरायला एवढी लांबी पुरेशी आहे. एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढत राहतो आणि मग गळतो, म्हणजे वेळही हाताशी असतो.

मोजायचं कसं

पहिली चूक इथेच होते. हे केस वाळले की आक्रसतात. ओले असताना खांद्याला टेकणारी बट वाळल्यावर कानाशी येऊन बसते. काहींच्या बाबतीत खऱ्या लांबीचा निम्म्याहून जास्त भाग वळणांत लपतो. आरशात पाहून "वाढच नाही" म्हणणाऱ्या मुलीचे केस पाठीपर्यंत पोचलेले असू शकतात.

म्हणून एकच बट ठरवून घ्यावी, मानेजवळची किंवा कानामागची. ती ओली असताना हलक्या हाताने टोकापर्यंत ताणावी आणि कुठे पोचते ते पाहावं. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला टेप घेऊन बसलं तर मनस्तापच पदरी पडतो.

धुणं आणि गुंता सोडवणं

धुण्याआधी केसांचे चार ते आठ भाग करून प्रत्येक भाग सैलसर पिळून किंवा क्लिपने वेगळा बांधून ठेवतात. एका वेळी एकच भाग सोडायचा, धुवायचा, पुन्हा बांधायचा. सगळे केस डोक्यावर गोळा करून, साबण लावून खसाखसा चोळले की जो गुंता होतो तो सोडवायला अर्धा दिवस जातो. शाम्पू टाळूपुरता; केसांच्या लांबीवरून त्याचा फेस ओघळला तेवढा पुष्कळ.

आता कंगवा. ओले केस विंचरू नकोस, असं आपल्या घरी आजी सांगत आल्या आहेत, आणि सरळ केसांपुरतं ते अगदी बरोबर आहे. ओला सरळ केस ताणला जातो आणि तुटतो. घट्ट कुरळ्या केसांचं नेमकं उलटं आहे. कोरडे असताना वळणं एकमेकांत अडकून बसतात आणि कंगव्याला फार जोर लागतो. पाण्याने ती सैल पडतात. म्हणून हे केस ओले असताना, वर भरपूर कंडिशनर म्हणजे बुळबुळीत मऊ क्रीम लावून विंचरायचे. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने.

आणि सुरुवात टोकाकडून. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे झाले की थोडं वर सरकायचं, ते मोकळं झालं की आणखी वर. डाव्या हाताच्या मुठीत बटेचा वरचा भाग घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. घाईच्या वेळी आपण सगळेच कंगवा टाळूला टेकवून खाली ओढतो. इथे तसं केलं तर वरचे सगळे बारीक गुंते खाली ढकलले जाऊन टोकाशी त्यांची एक घट्ट गाठ होते. ती कात्रीनेच निघते, आणि तीन महिन्यांची वाढ तिच्याबरोबर जाते.

कंगवा ही आफ्रिकेत फार जुनी वस्तू आहे. प्राचीन इजिप्त आणि सुदानमधल्या थडग्यांत उभ्या, लांब दातांचे कंगवे सापडले आहेत. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने २०१३ मध्ये त्यांच्यावर खास प्रदर्शन भरवलं होतं आणि त्यात सहा हजार वर्षांचा पट मांडला होता. आडव्या हातात धरायची आपली दाट दातांची फणी या केसांसाठी जन्मालाच आलेली नाही.

पाणी आधी, तेल मागाहून

सगळ्यात जास्त गैरसमज तेलाबद्दल आहेत. तेल केसाला ओलावा देत नाही. असलेला ओलावा उडून जाऊ देत नाही. कोरड्या केसावर तेल चोपडलं तर केस चकचकीत दिसतो, आत मात्र तसाच ठिसूळ राहतो. क्रम असा: आधी पाणी किंवा पाणी-क्रीम, केस दमट असतानाच त्यावर तेल किंवा लोणी.

पश्चिम आफ्रिकेत हे लोणी म्हणजे शिया. उत्तर घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया या पट्ट्यात शियाची झाडं आहेत. त्यांची फळं वेचण्यापासून लोणी काढण्यापर्यंतचं काम बायकाच करतात. बिया उकळून वाळवतात, फोडतात, भाजतात, दळतात. मग त्या तपकिरी लगद्यात पाणी घालून हाताने फेसत राहतात. बराच वेळ फेसलं की लगदा फिकट पडतो आणि चरबी वर तरंगायला लागते. ती काढून, उकळून, गाळून थंड केली की लोणी तयार. बाजारातलं पांढरंशुभ्र, बिनवासाचं शिया हे कारखान्यात शुद्ध केलेलं असतं. हाताने काढलेलं पिवळसर असतं आणि त्याला किंचित धुरकट वास येतो.

आपल्या खोबरेलाचं काय, असा प्रश्न येणारच. २००३ मध्ये मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, बाकी दोन तेलांनी झाली नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं हे संशोधन आहे, तेवढं ध्यानात ठेवावं. पण धुण्याच्या आदल्या रात्री लांबीवर खोबरेल जिरवणं घट्ट कुरळ्या केसांनाही मानवतं, यात शंका नाही.

चेबे

आता त्या कमरेपर्यंतच्या वेण्यांकडे येऊ. चाडमधल्या बसारा अरब स्त्रिया केसांना चेबे लावतात. क्रोटॉन जातीच्या एका झुडपाच्या बिया हा त्यातला मुख्य भाग. त्या भाजून कुटतात. सोबत महलब नावाच्या रानचेरीच्या बियांतला गर, लवंगा आणि सुगंधी राळ घालतात. सगळं बारीक करून चाळलं की तांबूस-तपकिरी पूड होते. डबा उघडला की आधी लवंग आणि मग भाजक्या मसाल्याचा धुरकट वास नाकाशी येतो.

लावण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. केस आधी पाण्याने ओले करतात. त्यावर तेल किंवा लोणी. मग पुडीत तेल कालवून केलेला लेप, आणि तो मुळापासून काही अंतर सोडून टोकापर्यंत. टाळूला नाही. मग ती बट वेणीत बांधून टाकायची. काही दिवसांनी वेणी सोडून, लेप न धुता, त्यावरच पुन्हा पाणी, तेल, पूड, आणि पुन्हा वेणी. असं वर्षानुवर्षं. केसावर एक पातळ थर कायम राहतो. तिथल्या कोरड्या वाऱ्यात केसातलं पाणी उडत नाही आणि वेणीत बंद असल्यामुळे केसावर केस घासत नाही. एवढंच चेबेचं रहस्य. चेबेने केस जास्त वेगाने उगवतात असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि लेप मुळाला लावतच नाहीत म्हटल्यावर तशी अपेक्षा धरायलाही जागा नाही.

चूक होते ती नेमकी उलट वापरातून. समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून लोक पूड मागवतात, टाळूवर चोळतात, खाज सुटते, पुडीचे कण केसांत अडकतात, मग ते काढायला जोरजोराने विंचरतात. महिन्याभरात केस आधीपेक्षा आखूड, आणि दोष जातो चेबेला. बसारा स्त्रियांचं खरं भांडवल पूड नाहीच, सवय आहे: केस मोकळे न सोडणं, टोक उघडं न ठेवणं, आणि दर काही दिवसांनी आई-बहिणींनी एकमेकींच्या मागे बसून वेण्या घालणं. एकटीने आठ-दहा वेण्या घालून पाहिल्या की मागे बसणाऱ्या बाईची किंमत कळते.

वेण्या आणि दोरा

केस बंद ठेवण्याच्या पद्धती डझनावारी आहेत. कॉर्नरो म्हणजे डोक्याला चिकटून, शेतातल्या सऱ्यांप्रमाणे ओळीने जाणाऱ्या वेण्या. बॉक्स ब्रेड्स म्हणजे टाळूवर चौकोन आखून प्रत्येक चौकोनातून सोडलेली सुटी वेणी; हिला बहुधा गंगावन जोडलेलं असतं. बसायला चार ते आठ तास सहज लागतात. चिमामांडा न्गोझी आदिची यांच्या 'अमेरिकाना' या २०१३च्या कादंबरीत नायिका वेण्या घालून घ्यायला प्रिन्स्टनहून ट्रेंटनला जाते, आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या अर्धं आयुष्य आठवून काढते. वेळेचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

गंगावन बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याचं असतं. त्यावरच्या रासायनिक लेपाने पुष्कळ जणींच्या टाळूला खाज सुटते, म्हणून जाणत्या बायका धागे आदल्या दिवशी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून, धुऊन, वाळवून घेतात. वेण्या घालून झाल्यावर टोकं उकळत्या पाण्यात बुडवली की धागा बसतो आणि वेणी उसवत नाही. पैसे असले तर खऱ्या केसांचं गंगावन. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावात विकतं. भारतातून बाहेर पडलेले असे केस प्रक्रिया होऊन लागोस आणि जोहान्सबर्गच्या बाजारांपर्यंत पोचतात.

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा स्त्रियांची एक पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते. तिचं नाव इरुन किको. केसांची एक बट घ्यायची आणि तिच्याभोवती मुळापासून टोकापर्यंत काळा दोरा घट्ट, सलग गुंडाळत जायचा. केस आत ताणलेला राहतो, टोक दोऱ्याखाली झाकलं जातं, गंगावन लागत नाही आणि इस्त्रीसारख्या तापत्या यंत्राशिवाय केस सरळ होतो. दोरा गुंडाळलेल्या बटा काठीसारख्या ताठ असतात, त्यामुळे त्या वाकवून कमानी, पूल, मनोरे करता येतात. छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून पुढची कितीतरी वर्षं नायजेरियातल्या स्त्रियांच्या केशरचना टिपल्या. बऱ्याचशा मागून, मान आणि खांदे एवढेच दिसतील अशा. हजाराच्या घरातल्या त्या छायाचित्रांत दोऱ्याची ही करामत फार सुंदर दिसते. योरुबा श्रद्धेत 'ओरी' म्हणजे डोकं हे माणसाच्या नशिबाचं ठिकाण, त्यामुळे केसांना हात लावू देणं ही तिथे साधी बाब नव्हती.

वेण्यांतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या जास्त घट्ट बांधणं. घट्ट म्हणजे जास्त दिवस टिकेल, हा हिशेब महागात पडतो. वेण्या घातल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, कपाळाकडच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, झोपायला वेदनाशामक गोळी लागली, तर वेण्या सोडाव्यात. त्याच दिवशी. सततच्या ओढीने मुळं मरतात आणि कपाळ-कानशिलांवरचे केस मागे हटत जातात. याला ओढीचं टक्कल म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत जवळपास दर तीन प्रौढ स्त्रियांमागे एकीला ते आढळलं. सुरुवातीला लक्षात आलं तर केस परत येतात. केशकूपाच्या जागी व्रण झाला की येत नाहीत.

रात्र

सुती उशी केसातलं पाणी शोषते आणि कूस बदलताना केस घासला जातो. सॅटिनचा रुमाल किंवा टोपी बांधून झोपावं, नाहीतर उशीला सॅटिनचा अभ्रा घालावा. सोपी आणि स्वस्त पायरी. तरी ती सर्रास वगळली जाते.

वेण्या सोडताना

दीड-दोन महिन्यांच्या वर वेण्या ठेवू नयेत. आणि सोडायला बसताना पुरेसा वेळ काढावा, कारण दोन महिने जपलेले केस एका संध्याकाळी घालवायची जागा हीच.

वेणी सुटली की हातात गुंतवळाचा मोठा पुंजका येतो आणि छातीत धस्स होतं. घाबरू नये. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. वेणीत ते बाहेर पडू शकत नाहीत, आतच साचतात. सहा आठवड्यांचे म्हणजे दोन हजारांहून जास्त. पुंजक्यातले काही केस उजेडाकडे धरून पाहावेत. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस आपलं आयुष्य संपवून मुळापासून गळला आहे. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर तो तुटला आहे. ठिपक्याविना केस जास्त निघाले तर आधीच्या पायऱ्यांत कुठेतरी चुकतं आहे.

वेणी जिथून सुरू होते तिथे मळ, तेल आणि गळलेले केस यांचं कडं जमलेलं असतं. ते कोरड्याने ओढू नये. तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी चिमटीत चुरडत सैल करावं आणि मगच केस धुवावेत. तसेच पाण्याखाली नेले तर त्या कड्याचा नमदा होतो.

याच वेळी टोकं तपासावीत. फाटे फुटलेलं टोक तेलाने, लेपाने, कशानेही जुळत नाही. ते कापलं नाही तर फाटा वर चढतो. अर्धा सेंटिमीटर कापायला जीव होत नाही, मग सहा महिन्यांनी पाच सेंटिमीटर कापावे लागतात.

रसायनाने सरळ केलेले केस

कितीतरी जणींची सुरुवात इथून होते. रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो, साबण करायला वापरतात तोच. तो केसातले आतले बंध तोडतो; ते पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे नैसर्गिक केसांकडे परतायचं तर नवे केस वाढू देणं आणि जुने कापणं, एवढाच मार्ग आहे. काही जणी एकदम सगळे कापतात, काही वर्ष-दीड वर्ष थोडे थोडे. दुसऱ्या वाटेत जुना सरळ आणि नवा कुरळा भाग जिथे मिळतात तो सांधा फार नाजूक असतो, केस बहुतेक तिथेच तुटतो.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घकाळ चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष आले. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसलं. रसायनामुळेच कर्करोग झाला, असं अशा पाहणीतून ठरत नाही. तरी माझ्या ओळखीत कुणी विचारलं तर मी नको म्हणेन.

मिरवणं

लांब केस ही आफ्रिकेतल्या काही समाजांत वयाची आणि नात्याची जाहीर खूण होती. उत्तर नामिबिया आणि दक्षिण अंगोलातल्या अंबालांतू स्त्रियांची पद्धत यात सगळ्यात विलक्षण. मुलगी साधारण बारा वर्षांची झाली की ओमुत्यूला नावाच्या झाडाच्या सालीची बारीक पूड चरबीत कालवून तिच्या केसांवर जाड थर देत. काही वर्षांनी तो थर सैल करून केसांच्या टोकांना रानबोरासारख्या एका फळाच्या बिया तातीने बांधत. सोळाव्या वर्षाच्या सुमारास बिया काढून त्यांच्या जागी जनावराच्या स्नायूंच्या लांब ताती, जमिनीला टेकतील एवढ्या. मग ओहांगो या दीक्षाविधीच्या वेळी या सगळ्यांच्या चार जाड वेण्या वळत, त्यांचं नाव एम्बुवी. लग्नानंतर त्याच वेण्या डोक्यावर वर रचून शिरोभूषण होई. भार इतका की कधीकधी तो कपाळाभोवतीच्या दोरीला बांधून पेलावा लागे. जुन्या छायाचित्रांतल्या घोट्यापर्यंतच्या वेण्या पाहून "एवढे केस!" म्हणताना ताती विसरायच्या नसतात. आणि त्यांच्या वर असलेले खरे केस सालीच्या थराखाली इतकी वर्षं शाबूत राहिले, हेही.

शेजारच्या हिंबा स्त्रिया लोणी आणि तांबडी गेरू यांचा ओत्जिझे नावाचा लेप वेण्यांना लावतात. वयात न आलेल्या मुलीच्या दोन वेण्या कपाळावर पुढे येतात, आणि विवाहितेच्या डोक्यावर एरेंबे हे कातड्याचं भूषण असतं. पाहणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.

मिरवण्यावर बंदीही तितकीच जुनी. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाने झाकावेत असा हुकूम काढला. बायकांनी त्या कापडालाच पिसं आणि रत्नं लावून टाकली. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत वंश ठरवताना केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते हे पाहत. २०१६ मध्ये प्रिटोरियातल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत विद्यार्थिनी नैसर्गिक केसांवरच्या नियमांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि ते नियम स्थगित झाले. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या पोतावरून आणि वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला. मागोमाग इतर राज्यं आली. घानासारख्या देशांत मात्र सरकारी शाळेतल्या मुलींनी केस बारीक कापावेत ही रीत अजून आहे, म्हणजे लांब केसांची सुरुवात पुष्कळ जणींना शाळा संपल्यावरच करता येते.

आपल्या घरी

कुरळ्या केसांची मुलगी आपल्या घरातही असेल. तिच्यासाठी वरच्या पायऱ्यांतल्या या सहा जशाच्या तशा लागू आहेत: भाग पाडून धुणं, ओले असताना रुंद कंगवा, टोकाकडून सुरुवात, पाण्यावर तेल, सैल वेणी, सॅटिनचा अभ्रा. शाळेसाठी घट्ट दोन वेण्या घालून रिबिनीने वर बांधताना कपाळाकडची कड ओढली जात नाही ना, हे रोज पाहावं.

चेबेची घाई करू नये. तो लेप कोरड्या हवेचा आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जाड लेपाखालची वेणी दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो आणि टाळूला बुरशीचा त्रास होऊ शकतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात करून पाहायला हरकत नाही. पूड घेताना डब्यावर घटक लिहिलेले आहेत का ते पाहावं, चिमूटभर तेलात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास थांबावं, आणि खाज किंवा लाली आली नाही तरच केसांना लावावी. मुळापासून चार बोटं सोडून.